घरगुती सुरक्षेसाठी संयुक्त संवेदक प्रणाली

घरातील गॅसगळती, आग किंवा विषारी वायू यांची चाहूल वेळेवर लागावी म्हणून एकापेक्षा अधिक संवेदकांच्या नोंदी एकत्र तपासून इशारा देणाऱ्या यंत्रणेस संयुक्त संवेदक प्रणाली म्हणतात. एकेकटा संवेदक एकच राशी मोजतो: वायूचे प्रमाण, धुराची दाटी किंवा तापमान. संयुक्त प्रणालीत या नोंदींची परस्परांशी सांगड घालून धोका खरा आहे की भासमान, हे ठरविले जाते. धोका लवकर ओळखणे आणि खोटे इशारे टाळणे ही तिची दोन उद्दिष्टे आहेत. ती बऱ्याच वेळा परस्परविरोधी ठरतात.

इतिहास

विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून ब्रिटनमधील कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी वापरले जात. १९३०च्या दशकात स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायूचा संवेदक तयार करीत होते. त्यांचे उपकरण वायूला प्रतिसाद देईना. मात्र सिगारेटच्या धुराने त्यातील विद्युतप्रवाह बदलला. आयनीभवनावर चालणाऱ्या धूमसंवेदकाचा विकास या निरीक्षणातून झाला. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये धातूच्या ऑक्साइडवर आधारित वायुसंवेदकाचे पेटंट घेतले. स्वयंपाकघरात बसविले जाणारे स्वस्त गॅससंवेदक बहुधा याच तत्त्वावर चालतात.

प्रमुख धोके आणि त्यांचे संवेदक

स्वयंपाकाचा गॅस: हा प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. मूळ वायूला वास नसल्याने त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा संवेदक जमिनीजवळ बसवावा लागतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ३ मीटर लांब, रुंद व उंच अशा स्वयंपाकघरात ही पातळी गाठण्यास १४.२ किलोच्या सिलिंडरमधील साधारण १ किलो गॅस पुरतो. तळाशी साचलेल्या थरात ती त्याहूनही कमी गॅसने गाठली जाते. त्यामुळे संवेदक या मर्यादेच्या १० ते २० टक्के पातळीवरच वाजेल असा ठेवतात.

कार्बन मोनॉक्साइड: या वायूला रंग व वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने बांधला जातो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालविणे किंवा झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. त्यासाठी विद्युत-रासायनिक संवेदक वापरतात.

आग: भडकलेल्या ज्वाळा आयनीभवन संवेदक लवकर टिपतो, तर गादी किंवा वायर धुमसत असल्यास प्रकाशीय संवेदक अधिक उपयोगी पडतो. धूमसंवेदक छताला लावतात. उष्णतासंवेदक तापमान किंवा त्याच्या वाढीचा वेग मोजतो.

एकत्रीकरणाचे तर्कशास्त्र

फोडणीचा धूर आणि भाताची वाफ यांमुळे एकटा धूमसंवेदक वारंवार वाजू शकतो. अशा वेळी घरातील माणसे त्याची बॅटरी काढून ठेवतात आणि खऱ्या आगीच्या वेळी तो मुका राहतो. म्हणूनच खोटा इशारा ही किरकोळ गैरसोय न मानता सुरक्षेतील दोष मानला जातो.

उदाहरणादाखल, परस्परांपासून स्वतंत्र असे तीन संवेदक घेऊ. प्रत्येक संवेदक खरा धोका १०० पैकी ९० वेळा ओळखतो आणि १०० पैकी एका रात्री विनाकारण वाजतो, असे मानू. कोणताही एक वाजल्यास इशारा द्यायचा ठरविले, तर १००० पैकी ९९९ धोके ओळखले जातात. पण खोटे इशारे जवळजवळ तिप्पट होतात. तिन्ही वाजल्याशिवाय इशारा द्यायचा नाही असे ठरविल्यास खोटे इशारे जवळपास संपतात, मात्र १००० पैकी २७१ धोके निसटतात. तीनपैकी दोघांची साक्ष पुरेशी मानली, तर १००० पैकी ९७२ धोके ओळखले जातात आणि खोटा इशारा १०,००० रात्रींत सुमारे तीनदाच येतो.

हा हिशेब संवेदक खरोखर स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. एकाच वाफेने दोन्ही संवेदक फसत असतील, तर दुसऱ्याच्या साक्षीला अर्थ राहत नाही. यासाठी एकाच प्रकारचे अनेक संवेदक घेण्याऐवजी धूर, उष्णता व कार्बन मोनॉक्साइड अशा भिन्न खुणा एकत्र तपासतात. वाफेने प्रकाशीय संवेदक फसला, तरी कार्बन मोनॉक्साइडची नोंद वाढत नाही. मात्र जीवघेण्या वायूच्या बाबतीत दुसऱ्या साक्षीची वाट पाहणे घातक असते. कार्बन मोनॉक्साइड व स्वयंपाकाचा गॅस यांचा संवेदक एकटा वाजला तरी इशारा मिळालाच पाहिजे.

मुरबे–तारापूर परिसर

पालघर तालुक्यातील मुरबे हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर, तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून वीजनिर्मिती करीत आहे. केंद्रातील ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या दाबित जड पाण्याच्या प्रकारच्या आहेत. या प्रकारच्या भारतीय अणुभट्ट्यांच्या संरक्षण यंत्रणेत तीनपैकी दोन मापनवाहिन्यांची साक्ष ग्राह्य धरण्याचे तत्त्व वापरले जाते. घरगुती प्रणालीमागील विचार हाच आहे.

बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक व औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. घरगुती गॅससंवेदक क्लोरीन किंवा अमोनिया यांसारख्या औद्योगिक वायूंसाठी प्रमाणित केलेले नसतात. असा संवेदक शांत असणे म्हणजे बाहेरची हवा सुरक्षित असणे नव्हे.

नोव्हेंबर २०१८ पासून जिल्ह्यातील डहाणू–तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अनेक मोबाइल फोनमधील कंपनसंवेदकांच्या नोंदी जुळवून इशारा देणारी अँड्रॉइडची सेवा भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. एका फोनचे हलणे निरर्थक असते; एकाच भागातील अनेक स्थिर फोन एकदम हलले, तर ती भूकंपाची खूण ठरते. ही सेवा ४.५ व त्याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपासाठी आहे. या मालिकेतील बहुतेक धक्के त्याहून सौम्य होते.

मर्यादा

किनाऱ्यावरील खारट, दमट हवेने विद्युतजोडण्या गंजतात. धातू-ऑक्साइड संवेदकाची नोंद आर्द्रतेनुसार बदलते. त्यामुळे तापमान व आर्द्रता मोजून ती नोंद दुरुस्त करणे आवश्यक ठरते. संवेदकांचे आयुष्यही ठरावीक असते; उत्पादकाने दिलेल्या मुदतीनंतर ते बदलावे लागतात. केवळ इंटरनेटवर किंवा घरातील विजेवर विसंबणारी प्रणाली वीज गेल्यावर निरुपयोगी होते. म्हणून इशाऱ्याचा निर्णय घरातील उपकरणातच व्हावा आणि त्यास स्वतंत्र बॅटरी असावी.

इशाऱ्यानंतरची कृती

संवेदक धोका ओळखतो. तो टाळण्याचे काम माणसालाच करावे लागते. गॅसगळतीचा इशारा मिळाल्यास दिवा, पंखा किंवा अन्य कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, कारण बटणातील ठिणगीही स्फोटास पुरते. ज्योत विझवावी, शक्य असल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. आगीच्या वेळी १०१ किंवा ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा मिळाल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवत असल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.