गाडी बदलायचे गाव

‘‘कुर्डुवाडी आली की उठव रे, गाडी बदलायचीय!’’ आजी झोपण्यापूर्वी हे वाक्य म्हणायचीच. पंढरपूरला जायचे म्हणजे मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचे, वळकटी आणि फराळाचा डबा सांभाळत पलीकडच्या फलाटावर धावायचे आणि खेळण्यातल्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गाडीत खिडकी पकडायची. विठोबाच्या आधी आम्हाला कुर्डुवाडी भेटे.

खरे तर या स्टेशनाला आपले नावही नव्हते. जी.आय.पी. रेल्वेचा पुणे-सोलापूर मार्ग १८५९ मध्ये इथवर आला, तेव्हा स्टेशनाचे नाव पडले ‘बार्शी रोड’. म्हणजे बार्शीला जाणाऱ्यांनी इथे उतरावे! बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण रेल्वे तिला पस्तीस किलोमीटर दूर ठेवून निघून गेली. माल बैलगाड्यांतून स्टेशनापर्यंत आणावा लागे.

ही अडचण हेरली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनीअरने. जी.आय.पी.त नोकरीला आलेल्या कॅलथ्रॉप यांचे म्हणणे असे की, रेल्वे स्वस्तात बांधायची तर रूळ हलके हवेत. आणि रूळ हलके ठेवायचे तर कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, मग ते इंजिन असो की मालडबा. रुळांमधले अंतर त्यांनी अडीच फूट ठेवले. लीड्सजवळ खास मार्ग टाकून डब्यांच्या चाचण्या घेतल्या. १८९७ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. सव्वातीनशे किलोमीटरचे हे जाळे १९५४ च्या जानेवारीत सरकारच्या मालकीचे झाले.

मोठ्या रुळांवरचा डबा छोट्या रुळांवर जात नाही. त्यामुळे प्रत्येक पोते इथे उतरवायचे, पुन्हा चढवायचे. व्यापाऱ्याच्या लेखी हा निव्वळ खर्च. पण त्याच खर्चावर कुर्डुवाडीतल्या हमालांच्या चुली पेटत. चहावाला, भजीवाला, टांगेवाला, वर्कशॉपमधला फिटर, सगळ्यांचे पोट त्या अडीच फुटांनी भरले. आषाढीला तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. टाळ वाजत, कुणाचे गाठोडे हरवे, कुणाची म्हातारी चुके, आणि सगळे मिळून तिला शोधत.

मग एकेक मार्ग ब्रॉडगेज होत गेला. २००८ पर्यंत लातूरची बाजू पूर्ण झाली. जुन्या मार्गाने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या वेळी नव्या मार्गावर आले. पुढे मिरजेकडची छोटी गाडीही थांबली. रात्री मुंबईत बसलेला लातूरचा माणूस आता सकाळी थेट लातूरला उतरतो. हे चांगलेच झाले. अर्ध्या रात्री थंडीत लेकरे कडेवर घेऊन फलाट बदलणाऱ्या बायांना विचारा. त्यांना छोट्या गाडीची हुरहूर मुळीच वाटणार नाही. आजीलाही वाटली नसती.

तरीही परवा गाडी कुर्डुवाडीला थांबली आणि मी उगीचच खाली उतरलो. ज्या जागी आम्ही धावत सुटायचो, तिथे आता धावण्याचे कारण उरलेले नाही. बहुतेक प्रवासी झोपेत होते. जे गाव लोकांच्या अडचणीवर वसले, ते अडचण दूर झाल्यावर काय करते, याचे उत्तर शोधत कुर्डुवाडी अजून उभी आहे. वर्कशॉप आहे, जंक्शनचा मान आहे. पण ‘गाडी बदलायचीय’ म्हणून कुणाला उठवणारे आता कुणी नाही.

शिट्टी झाली. मी डब्यात चढलो. शेजारच्या मुलाने विचारले, ‘‘काका, कोणतं स्टेशन?’’

मी म्हणालो, ‘‘बार्शी रोड.’’ आणि मग त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली.