स्पर्धेच्या अखेरीस हाती आलेली उत्तम पाने

पोकरच्या खेळात हाती आलेल्या पानांचे मूल्य स्थिर नसते. स्पर्धेचा टप्पा बदलला की तेही बदलते. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. आरंभीच दोन एक्के मिळण्याचा योग सरासरीने 221 वाटपांत एकदा येतो. अशी दुर्मीळ पाने हाती असता विचार कशाला करावा, असे नवख्यास वाटते. तथापि खरा विचार तेथेच सुरू होतो.

गोव्यात मांडवीच्या पात्रातील जहाजांवरील कॅसिनोंत, किंवा जगात अन्यत्र, ज्या स्पर्धा भरतात त्यांत खेळाडू प्रवेशशुल्क भरून चकत्या घेतो. या चकत्यांचे मध्येच पैसे करता येत नाहीत. बक्षीस मिळते ते अखेरच्या क्रमांकावरून. त्यामुळे चकत्या दुप्पट झाल्या तरी अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही. मात्र सर्व चकत्या गेल्या की खेळ संपतो.

स्थिती पाहून धोका पत्करण्याचे हे तत्त्व अन्य खेळांतही आढळते. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने स्नूकर रूढ केला, असे मानले जाते. त्यात निळा, गुलाबी व काळा एवढेच चेंडू उरले, म्हणजे 18 गुण शिल्लक असले, आणि आपली आघाडी 20 गुणांची असली, तर शहाणा खेळाडू अवघड फटक्याच्या मोहात पडत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. तीन खेळाडू उरले आहेत. अ याच्याजवळ 5,000, ब याच्याजवळ 3,000 आणि क याच्याजवळ 2,000 चकत्या आहेत. बक्षिसे 50,000, 30,000 व 20,000 रुपयांची आहेत. प्रथम येण्याची शक्यता चकत्यांच्या प्रमाणात धरावी आणि पुढील क्रमांकही त्याच रीतीने काढावेत, ही पद्धत डेव्हिड हारव्हिल यांनी 1973 मध्ये शर्यतींच्या संदर्भात मांडली होती. तिच्यानुसार ब याचा अपेक्षित वाटा 32,750 रुपये होतो.

समजा, अ याने सर्वस्व पणास लावले. सक्तीचे पण हिशेबात न घेता पाहिले, तर ब याने आव्हान स्वीकारून जिंकल्यास त्याचा वाटा 41,000 होतो. हरल्यास 20,000 उरतात. लाभ 8,250 चा, हानी 12,750 ची. अर्थात जिंकण्याची शक्यता किमान 61 टक्के असल्यावाचून स्वीकार परवडत नाही. अ हरला तरी बाद होत नाही, म्हणून त्यास सुमारे 54 टक्के पुरतात. आणि क? या झुंजीचा निकाल काहीही लागो, हात न हलवता त्याचा वाटा वाढतो.

या कसोटीवर राण्यांची जोडी लावून पाहू. अ कोणत्याही पानांवर आक्रमण करीत असेल, तर राण्या सुमारे 80 टक्के वेळा जिंकतात, स्वीकार करावा. परंतु तो केवळ राण्या वा त्याहून मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच पुढे येत असेल, तर हे प्रमाण 40 टक्क्यांवर येते. तेव्हा राण्या टाकून देणेच श्रेयस्कर. एक्क्यांच्या जोडीस मात्र हे भय नाही. राजांच्या जोडीवरही ती सुमारे 82 टक्के वेळा मात करते.

याचा अर्थ भित्रेपणाने बसून राहावे असा नव्हे. ज्याच्याजवळ मोठ्या सक्तीच्या पणाच्या दसपटीहून कमी चकत्या उरल्या आहेत, त्याने एक्क्यांची वाट पाहिल्यास प्रत्येक फेरीचे पणच त्यास गिळून टाकतात. त्याने मध्यम जोडीवरही स्वतः होऊन सर्वस्व लावावे. आक्रमकास जिंकण्याचे दोन मार्ग असतात: प्रतिपक्षाने पाने टाकणे, अथवा अखेरीस आपली पाने सरस ठरणे. स्वीकारणाऱ्यास दुसरा मार्गच तेवढा उरतो. म्हणून ज्या पानांवर आक्रमण करावे, त्याच पानांवर आव्हान स्वीकारणे पुष्कळदा अनुचित ठरते.