सदू शिंदे : अकाली हरपलेला फिरकीपटू

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचे आजोबा, म्हणजे त्यांच्या आई प्रतिभा पवार यांचे वडील, कसोटीपटू सदाशिव उर्फ सदू शिंदे हे लेगस्पिनर होते. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेर वळणारा चेंडू ते टाकत, पण त्यांचे खरे अस्त्र गुगली, म्हणजे तसाच भासूनही उलट आत शिरणारा चेंडू, हे होते. नोव्हेंबर १९५१ मधील दिल्ली कसोटीत त्यांनी ९१ धावांत ६ गडी टिपल्याने इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात मात्र त्यांच्या गोलंदाजीवरचे झेल सुटले आणि हातातला सामना अनिर्णित राहिला, याची हळहळ आजही वाटते. अवघ्या ७ कसोट्या वाट्याला आलेला हा गुणी गोलंदाज २२ जून १९५५ रोजी, वयाची बत्तिशीही न गाठता, विषमज्वराने गेला.