प्लायवूडची माशांची पेटी गळू नये म्हणून

घरात माशांची पेटी असावी, ही मुलांची हौस. पेटी छोटी हवी असेल तर आमचा सल्ला सरळ आहे : बाजारातली काचेचीच घ्यावी, स्वस्त पडते. पण तीन-चार फुटी पेटीला चारही बाजूंनी जाड काच लावणे परवडत नाही. मग तळ व तीन बाजू प्लायवूडच्या आणि दर्शनी बाजूस तेवढी काच, अशी पेटी घरी करता येते. आपल्या वस्त्यांत सुतारकाम, रंगकाम जाणणारे हात कमी नाहीत. अडचण एकच, लाकूड पाणी पिते.

आतून ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे १९० किलो वजन. चाळीच्या वरच्या मजल्यावर अशी पेटी फुटली तर खालच्या घरातले अंथरूण, धान्य, मुलांची पुस्तके सारे भिजणार. त्याची भरपाई कोण देणार? म्हणून घाई नको.

प्लायवूडवर आय.एस. ७१० हा शिक्का पाहावा. त्याचे थर पाण्याने सुटत नाहीत. रंग मात्र त्यालाही लागतोच. जाडी १९ मिलिमीटर असावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. लोखंड गंजते, आणि पितळेतले तांबे पाण्यात उतरले तर माशांना बाधते.

आता रंग. दारे-खिडक्या रंगवून उरलेला ऑईलपेंट अनेकांच्या माळ्यावर असतो. तो वापरू नये. कायम पाण्याखाली तो फुगतो व पापुद्रे निघतात. शिवाय घरगुती रंगातील शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१७ साली लागू झाला, त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही. होडीच्या बुडाला लावायचा रंग तर मुळीच नको. त्यावर जलचर बसू नयेत म्हणून बहुधा त्यात तांब्याचे विष घातलेले असते.

योग्य रंग म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणारा दोन डब्यांचा एपॉक्सी. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळावे, अंदाजपंचे नव्हे. थोडे थोडेच कालवावे. जास्त कालवले तर भांड्यातच तापून घट्ट होते. हातमोजे घालावेत, दारे उघडी ठेवावीत, मुलांना दूर ठेवावे, जवळ स्टोव्ह पेटवू नये. भर पावसाळ्यात हे काम टाळावे, कारण दमट हवेत रंगावर चिकट साय धरते.

पाणी फळीच्या मधून क्वचितच जाते, ते सांध्यातून व कापलेल्या कडांतून शिरते. म्हणून आधी एपॉक्सीची लांबी भरून कोपरे गोलसर करावेत, त्यावर काचतंतूच्या कापडाची पट्टी एपॉक्सीत भिजवून बसवावी. मग पातळ असे तीन हात. रंगाऱ्यांची एक युक्ती इथे कामास येते : प्रत्येक हात वेगळ्या रंगाचा द्यावा, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते. मधला हात पूर्ण वाळून गेला असेल तर पॉलिशपेपर मारूनच पुढचा द्यावा. शेवटी बॅटरीच्या उजेडात टाचणीएवढी छिद्रे शोधावीत.

काच ८ ते १० मिलिमीटरची, आणि ती आतल्या बाजूने सिलिकॉनने बसवावी, म्हणजे पाण्याचा दाब तिला चौकटीवरच दाबतो. बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन घेऊ नये. रंग आधी, सिलिकॉन नंतर. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला डब्यावर लिहिलेले दिवस, बहुधा सात, लागतात. नंतर पेटी अंगणात किंवा मोरीजवळ जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून रोज थोडे थोडे भरावे. कागद कुठे ओला होतो ते पाहावे. पूर्ण भरून तीन दिवस कागद कोरडा राहिला तर ते पाणी ओतून द्यावे, पेटी जागेवर न्यावी, आणि नळाचे नवे पाणी भरून एक दिवस उघडे ठेवावे. पहिल्या आठवड्यात चार-पाच गप्पीच सोडावेत.