नर्सिंगसोबत दुसरी बैठी नोकरी: कंबर वाचते, पण झोपेचं काय?

वॉर्डात दहा-बारा वर्षं काढलेल्या अनेक सिस्टर कधी ना कधी हा हिशोब मांडतात. पगार पुरत नाही, कंबर साथ देत नाही आणि नर्सिंग सोडवतही नाही. मग खुर्चीत बसून करता येईल अशा दुसऱ्या कामाचा शोध सुरू होतो.

पगाराचं दुखणं जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये आजही तेवढे पैसे हातात पडत नाहीत.

राहिली कंबर. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेतल्या संशोधकांच्या निकषानुसार, पेशंटला हाताने उचलताना एका व्यक्तीवर साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. आता ७० किलोच्या बेशुद्ध पेशंटची कूस बदलणाऱ्या दोन सिस्टर डोळ्यांसमोर आणा!

बसून करण्यासारखं काय आहे?

सध्या सगळ्यात जास्त चर्चा मेडिकल कोडिंगची आहे. पेशंटचे कागद वाचून आजाराला आणि उपचाराला ठरलेले कोड द्यायचे, असं हे काम. बरंचसं काम अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या बिलांचं असतं. नर्सला वैद्यकीय भाषा आधीच येते, ही जमेची बाजू. पण त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं आणि 'कोर्स करा, नोकरीची हमी' म्हणणाऱ्या प्रत्येक क्लासवर विश्वास ठेवू नये.

विमा क्लेमची छाननी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवणं, फोनवरून पेशंटची विचारपूस ही आणखी काही कामं. यातल्या शेवटच्या कामात एक मर्यादा पाळावीच लागते. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोनवर औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच आहे. क्लेम तपासताना आपल्याच रुग्णालयाची फाइल समोर आली, तर ती परत केलेली बरी.

मग अडतं कुठे?

काम हलकं असलं तरी तास तेवढेच लागतात. आठ तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे ४८ तास. त्यात रोज चार तासांचं दुसरं काम धरलं की आठवड्याचे ७२ तास होतात. बदलापूरहून मुंबईला लोकलने येणाऱ्या सिस्टरचा प्रवास यात धरलेलाच नाही. त्यातच नाइट ड्युटी. झोप मोडणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवलं. शिवाय अर्धवट झोपेत कोड चुकला तर तो दुरुस्त करता येतो. इन्सुलिनचा डोस चुकला तर पेशंटच्या जिवावर बेततं.

म्हणून कामाचं नाव पाहण्याआधी त्याची वेळ पाहावी. अमेरिकन विमा कंपन्यांना फोन करण्याचं 'एआर कॉलिंग' रात्रीच चालतं. दिवसभर वॉर्ड करणारीने त्याच्या वाटेला जाऊ नये. फिरत्या शिफ्टमध्ये ठरलेल्या वेळेचं काम टिकत नाही, टार्गेटवर चालणारं काम त्यातल्या त्यात जमतं. तेही नाइटच्या आठवड्यात बंद ठेवता आलं पाहिजे.

परवानगी लागते का?

सरकारी सेवेतल्या नर्सला लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. खासगी रुग्णालयात सगळं नेमणूकपत्रावर अवलंबून असतं. त्यात 'अन्यत्र काम करणार नाही' अशी अट असेल, तर लेखी परवानगी घ्यावी. गुपचूप केलेलं काम लपेलच असं नाही, कारण दोन्हीकडे पीएफ कापला गेला की नोंदी एकाच यूएएन क्रमांकाखाली दिसतात.

कराचंही लक्षात ठेवायला हवं. दोन पगार असतील आणि एकीकडचा आकडा दुसरीकडे कळवला नसेल, तर दोन्हीकडे कर कमी कापला जातो. उरलेली रक्कम रिटर्न भरताना एकदम भरावी लागते, तीही बहुधा व्याजासकट.