रायफलीचा प्रवास

2008 साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर एअर रायफलीत सुवर्णपदक मिळविले, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणीत त्यांची पहिली गोळी मध्यापासून बरीच दूर गेली होती. रायफलीची साइट हललेली होती. ज्या खेळात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, तेथे असा फरक केवढा! प्रवासातील हादरेही हेच करू शकतात.

म्हणून निघण्यापूर्वी साइटची स्थिती वहीत टिपावी आणि जमल्यास साइट काढून वेगळी गुंडाळावी. पण त्याहीआधी रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. ‘रिकामीच असेल’ हे शब्द या विद्येत वर्ज्य होत. मग बोल्ट काढून निराळा ठेवावा. पेटी कठीण कवचाची, आत फोम बसविलेली व कुलपाची असावी. बाहेर ‘रायफल’ असे लिहून चोरास आमंत्रण देऊ नये.

फोमचा एक दुर्गुण आहे. तो दमट हवेतील पाणी धरून ठेवतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात रायफल महिनाभर त्याच पेटीत राहिली, तर नळीवर गंज चढलाच म्हणून समजा. पेटी प्रवासापुरती, घरासाठी नव्हे. विमानाच्या थंड पोटातून उतरलेली पेटीही लगेच उघडू नये. थंड लोखंडावर बाहेरच्या हवेतील बाष्प दवासारखे जमते. पेटी बंदच ठेवून तिला खोलीची ऊब येऊ द्यावी, मग उघडावी. तेलाचा पातळ हात दिलेला असेल, तर नेमबाजीपूर्वी नळी कोरड्या फडक्याने पुसावयास विसरू नये.

एअर रायफलीच्या नळकांड्यात हवेचा दाब दोनशे बारपर्यंत असतो. विमानात ते रिकामे करूनच न्यावे लागते. काडतुसे वेगळ्या बांधणीत, आणि विमानप्रवासात माणशी पाच किलोपर्यंतच. विमानतळावर सामान देताना शस्त्र असल्याचे आपण होऊन सांगावे. टपालाने काडतुसे धाडण्याचा विचारही मनात आणू नये.

राहता राहिला परवाना. तो काहींचा एकाच राज्यापुरता असतो. बेळगावहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर खरे, पण मध्ये राज्याची सीमा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी परवान्यावरील क्षेत्राची नोंद वाचून पाहावी.