इंकांचे अवशेष पाहायचे, तर स्वतःचा गाइड घ्या

पेरूच्या अँडीज पर्वतात जाणारा पर्यटक बहुधा एका दृश्यासाठी जातो. ढगांतून वर आलेला वायना पिचूचा सुळका, पायथ्याशी छपरं नाहीशी झालेली दगडी घरं आणि डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेली पायऱ्यांची शेतं, असं माचू पिचूचं ते सुप्रसिद्ध दृश्य. फोटो निघतो, आखून दिलेल्या एकेरी मार्गाने दोन-अडीच तासांत फेरी होते आणि पर्यटक बसने खाली उतरतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, एवढा पैसा ओतून गेल्यावर पदरात इतकंच पडावं, याचं मला वाईट वाटतं. माझं म्हणणं असं की इंकांच्या अवशेषांपाशी स्थानिक, जाणता आणि फक्त आपल्यापुरता घेतलेला गाइड ही चैन नाही. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती हॉटेलला लावावी, खरेदीला लावावी. गाइडला लावू नये.

याचं पहिलं कारण इंकांच्या संस्कृतीतच आहे. त्यांच्याकडे आपल्याला माहीत असलेल्या अर्थाने लिपी नव्हती. हिशेब आणि नोंदी ते ‘कीपू’ नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांत ठेवत. त्यांतले आकडे बऱ्याच अंशी उलगडले आहेत, पण बाकीचा मजकूर अजून नीट वाचता आलेला नाही. त्यामुळे या वास्तूंवर शिलालेख नाही, राजाचं नाव नाही, सन नाही. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते स्पॅनिश बखरकारांच्या लिखाणातून, उत्खननातून आणि मोजमापांतून जुळवलेलं आहे. माचू पिचू ही पाचाकुती या सम्राटाची खाजगी वसाहत होती, या मताला मोठा आधार मिळाला तो सोळाव्या शतकातल्या जमिनीच्या स्पॅनिश कागदपत्रांमुळे. भिंतीकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी ही गोष्ट भिंत सांगणार नाही.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. इंकांची खरी कमाल बरीचशी जमिनीखाली आहे. माचू पिचू सुमारे 2,430 मीटर उंचीवर, दोन शिखरांमधल्या खिंडीवजा जागेत वसलं आहे. तिथे वर्षाला जवळपास 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि भूकंपही होतात. अशा उतारावरची वस्ती पाचशे वर्षांत घसरून दरीत जायला हवी होती. ती गेली नाही, याचं उत्तर केनेथ राइट या जलअभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासातून मिळालं. शेताच्या एका पायरीचा उभा छेद घेतला तर वर सुपीक माती, तिच्याखाली वाळू-खडीचा थर आणि तळाशी मोठे दगड दिसतात. पाणी मुरतं, पण साचत नाही. मधल्या हिरव्या चौकाखाली दगड घडवताना उडालेल्या कपच्यांचा जाड थर पसरलेला आहे. कामातला कचराच निचऱ्यासाठी वापरला गेला. भिंतींच्या पायाशी पाणी बाहेर पडायला लहान चौकोनी तोंडं ठेवली आहेत. वरच्या झऱ्याचं पाणी सुमारे 750 मीटर लांबीच्या दगडी पाटाने आणून 16 कुंडांतून एकाखाली एक सोडलं आहे आणि त्यांतलं पहिलं कुंड राजनिवासाजवळ आहे. पाणी आधी राजाला, मग इतरांना, हा समाजाचा क्रम इथे पाटाच्या उतारातच दिसतो. भिंतीच्या पायातलं ते चौकोनी भोक कुणीतरी बोटाने दाखवावं लागतं. एरवी हजारो माणसं त्याच्याजवळून रोज पुढे जातात.

ओयान्तायताम्बो या इंकांच्या दुसऱ्या स्थळीही हेच. तिथल्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिरात गुलाबी छटेच्या दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. पाहणारा थक्क होतो आणि फोटो काढतो. पण गाइड त्याला वळवून नदीपलीकडच्या डोंगराकडे पाहायला लावतो, कारण खाण तिकडे आहे, काही किलोमीटर दूर आणि उंचावर. शिळा डोंगरावरून उतरवून, उरुबांबा नदी ओलांडून, चढणीचा रस्ता बांधून पुन्हा वर चढवल्या गेल्या. लोखंडी हत्यारं नव्हती, चाकांच्या गाड्या नव्हत्या, ओढणारं मोठं जनावर नव्हतं. काही शिळा वाटेतच राहिल्या. स्थानिक लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. त्या पाहिल्यावर मंदिर कसं बांधलं जात होतं आणि ते कुठे थांबलं, हे एकदम ध्यानात येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो गाइड थापा मारतात असा. तो खोटा नाही. वनस्पतीच्या रसाने दगड मऊ केले, परग्रहवासी आले, असल्या कथा तिथे सर्रास ऐकू येतात. पण पुस्तकंही चुकली आहेत. 1911 मध्ये माचू पिचूला पोहोचलेल्या हायरम बिंगम यांनी ते इंकांचं अखेरचं आश्रयस्थान विल्काबांबा असल्याचं मांडलं. ती जागा दुसरीकडे निघाली. माचू पिचूतले सांगाडे बहुतांशी स्त्रियांचे, म्हणजे सूर्याच्या सेवेतल्या ‘सूर्यकन्यां’चे, हा बिंगम यांच्या मोहिमेचा निष्कर्षही नंतरच्या तपासणीत टिकला नाही. पुस्तकाला किंवा मोबाइलवरच्या ध्वनिफितीला उलट प्रश्न विचारता येत नाही. सोबतच्या माणसाला ‘हे कशावरून?’ असं विचारता येतं. मोठ्या गटात हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की बाकीचे घड्याळाकडे पाहू लागतात. स्वतंत्र गाइडचा खरा फायदा इथे आहे. ‘याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत’ असं जो सांगतो, त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवावा.

दुसरा आक्षेप पैशाचा. चार-पाच जणांनी मिळून गाइड घेतला तर भार वाटला जातो, हे झालंच. पण हा पैसा जातो कुणाकडे, हेही पाहायला हवं. बिंगम यांना वर नेलं ते मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने, एक सोल मजुरीवर. पुढे अवशेषांतून फिरवलं ते तिथल्या एका लहान मुलाने. काही शेतकरी कुटुंबं तेव्हा त्याच पायऱ्यांवर पिकं घेत होती. बिंगम यांच्या आधी, 1902 मध्ये, अगुस्तीन लिसार्रागा नावाचे स्थानिक गृहस्थ तिथे आपलं नाव लिहून गेले होते. जगाने ‘शोधक’ म्हणून नाव घेतलं ते मात्र बिंगम यांचं. आज केचुआ बोलणारा, त्याच खोऱ्यात वाढलेला गाइड आपल्या पूर्वजांबद्दल स्वतः बोलतो आणि त्याचा रास्त मोबदला घेतो, यात मला न्याय दिसतो.

एकांत हवा, कुणाची बडबड नको, असं म्हणणाऱ्यांचं मन मला कळतं. पण आपल्यापुरत्या गाइडला थोडा वेळ गप्प राहा म्हणता येतं, गटाला येत नाही. शिवाय या प्रवासात ज्या शहरातून जावं लागतं ते कुस्को जवळपास 3,400 मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत आपली चाल ओळखून थांबणारा माणूस साठीच्या पुढच्या प्रवाशाला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडचे बरेच लोक सहलकंपन्यांबरोबर जातात. त्यांनी नाव नोंदवतानाच निदान एका दिवसासाठी वेगळा गाइड मिळेल का, त्याच्याकडे अधिकृत परवाना आहे का आणि त्याला केचुआ येते का, हे विचारावं. जमल्यास माचू पिचूआधी ओयान्तायताम्बो पाहावं, कारण बांधकामाची रीत तिथे उघडी दिसते. माचू पिचूला ‘इंका ट्रेल’ या जुन्या पायवाटेने चालत जायचं असेल तर परवानाधारक गाइड सक्तीचाच आहे. तिथे हमालांसह दिवसाला 500 जणांनाच प्रवेश मिळतो आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. परवाने कित्येक महिने आधी संपतात आणि चांगले गाइडही तेव्हाच ठरून जातात, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी गाइड ठरवा.